तोमोनोउराची ओहोटी

शुक्रवार

फुकुयामाच्या फलाटावर शिन्कान्सेन थांबली की खिडकीत किल्ला येतो. लांब टेकडीवर वगैरे नाही, अगदी समोर. मधे तटाची भिंत आणि थोडी झाडं, बस्स. मी निघाले होते हिरोशिमाला, तेही फारसं ठरवून नाही. ओसाकाच्या ऑफिसातली शुक्रवारची मीटिंग सोमवारवर गेली आणि मधला वेळ मोकळा पडला. हॉटेलच्या खोलीत बसून पुण्याच्या टीमचे मेल वाचण्यापेक्षा गाडीत बसून वाचू, म्हणून शिन-ओसाकाहून अनारक्षित डब्यात चढले होते. तासाभराने किल्ला दिसला. पाठीवर एक सॅक, बाकी सामान ओसाकात. उतरले.

किल्ला १६२२ सालचा. ८ ऑगस्ट १९४५च्या हवाई हल्ल्यात मुख्य बुरूज जळाला, तो १९६६ मध्ये काँक्रीटचा उभा केला. त्याच्या उत्तरेच्या भिंतीवर काळे लोखंडी पत्रे ठोकलेले आहेत. तोफगोळ्यांचा मारा उत्तरेकडूनच होईल या हिशेबाने मूळ किल्ल्यालाही असं चिलखत होतं, म्हणून चारशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा ते पुन्हा चढवलं. तीन बाजूंनी पांढराशुभ्र आणि पाठ काळी. एवढं बघून झाल्यावर भूक लागली आणि समुद्राची आठवण झाली. रत्नागिरीच्या माणसाला परदेशात आठवडा झाला की होतंच हे.

स्टेशनातल्या माहिती केंद्रात विचारलं, इथून जवळचा समुद्र कुठला? काउंटरवरच्या मुलीने प्रश्नाचं आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही. नकाशा काढला, दक्षिणेकडच्या टोकावर गोल केला: तोमोनोउरा. बसने अर्धा तास. राहायचंय म्हटल्यावर तिने दोन ठिकाणी फोन लावला. पहिल्या ठिकाणी जागा नव्हती, दुसरीकडे पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मग रिसीव्हरवर हात ठेवून तिने मला विचारलं, मासे खाता ना?

तोमोला जाणाऱ्या बसकंपनीच्या नावात अजूनही ‘रेल्वे’ आहे. १९१३ पासून १९५४ पर्यंत इथे छोटी आगगाडी धावत होती, इंजिनाचं धुराडं वर कांद्यासारखं फुगलेलं. रूळ उखडले, गाडी गेली, कंपनी बस चालवायला लागली, नाव मात्र ठेवलं. बस आधी एका नदीच्या काठाने जाते, मग कारखाने लागतात. हे कारखाने म्हणजे जुन्या तोमोच्या लोहारकामाचे वारस. जहाजांचे नांगर आणि खिळे ही या गावची एके काळची ख्याती. त्यानंतर रस्ता समुद्राला भिडतो आणि उजवीकडे डोंगर इतका जवळ येतो की गावाला पसरायला जागाच उरत नाही.

बंदराच्या शेवटच्या थांब्यावर उतरले तेव्हा तीन वाजले होते. पाऊस नव्हता, पण जूनचा पहिला आठवडा असल्याने आभाळ भरलेलं. समोर अर्धगोल बंदर, त्यात मासेमारीच्या छोट्या बोटी, पलीकडच्या टोकाला दगडी दीपस्तंभ आणि माणूस एकही नाही. दीपस्तंभ १८५९ सालचा. जमिनीवर साडेपाच मीटर दिसतो, पण खाली पाण्यातलं दगडी जोतं धरलं तर दहा मीटरच्या वर जातो. त्याच्या पायाशी अर्धगोलाकार दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. वरच्या काहीच दिसत होत्या. पाणी काठोकाठ.

तेवढ्यात आईचा मेसेज आला. आज संकष्टी आहे, लक्षात आहे ना? लक्षात नव्हतं. पण उत्तर देता देता हिशेब झाला. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. तीन वाजता पूर्ण भरती. मुंबईपासून मालवणपर्यंत हा हिशेब थोडाफार इकडेतिकडे होऊन चालतो. जपानात चालायचं काही कारण नाही, कारण प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. पण इथे मात्र चाललाय, असं ते पाणी सांगत होतं. मी पायरीवर बसून राहिले. अर्ध्या-पाऊण तासाने दगडावर बोटभर ओला पट्टा उघडा पडला. भरती उलटली होती.

हे पाणी उलटणं हाच या गावाचा धंदा होता, हे मला त्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी कळलं. जपानची तीन मोठी बेटं होन्शू, शिकोकू आणि क्युशू यांच्या मधे सेतो नावाचा लांबट समुद्र कोंडलेला आहे. भरतीचं पाणी त्यात दोन्ही टोकांकडून शिरतं, पूर्वेच्या सामुद्रधुनीतून आणि पश्चिमेच्याही. हे दोन प्रवाह एकमेकांना भेटतात ते तोमोच्या समोर. ओहोटी लागली की पाणी इथूनच दुभंगतं आणि आलं तसं दोन्हीकडे परत जातं. आता शिडाचं गलबत घेऊन क्युशूकडून ओसाकाला जायचंय असं धरा. पश्चिमेकडून येणाऱ्या भरतीबरोबर तोमोपर्यंत फुकट वाहत यायचं. पुढे जाऊ म्हटलं तर पूर्वेची भरती तोंडावर येते. म्हणून इथे नांगर टाकायचा, पाणी उलटेपर्यंत थांबायचं आणि ओहोटीबरोबर ओसाकाकडे सुटायचं. उलट दिशेने जाणाऱ्यांनाही हेच. वारा पडला असला की दोन-चार दिवस थांबा. थांबलेल्या खलाशांना जेवण लागतं, दारू लागते, दोर-खिळे-नांगर लागतात, देवळं लागतात. गावात देवळांची संख्या घरांच्या मानाने भलतीच जास्त का, याचं उत्तर यात आहे.

मग वाफेची जहाजं आली, त्यांना पाण्याची दिशा विचारायची गरज उरली नाही. १८९१ मध्ये फुकुयामाला रेल्वे आली. तोमोत थांबायचं कारण संपलं आणि गाव होतं तसं राहिलं. पैसा येत राहिला असता तर या लाकडी घरांच्या जागी केव्हाच इमारती आल्या असत्या.

हे सगळं मला घरमालकीणबाईंनी सांगितलं, जेवणाच्या टेबलावर दोन चॉपस्टिक पूर्व-पश्चिम ठेवून. घर जुनं, एका गल्लीत, पुढे अरुंद आणि मागे खोल. बाई सत्तरीच्या, एकट्या. माझं जपानी ऑफिसपुरतं, त्यांचं इंग्रजी शून्य, त्यामुळे मधे फोनचं भाषांतराचं ॲप. “एकट्याच आलात?” हा पहिला प्रश्न आणि “का?” हा दुसरा. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. किल्ला दिसला म्हणून उतरले, हे ॲपने काय करून सांगितलं कोण जाणे, बाई खळखळून हसल्या.

ताटात नेबुतो होते. बोटाएवढे मासे, डोकं काढून अख्खे कडक तळलेले, काट्यासकट खायचे. फुकुयामाच्या बाहेर कुणी फारसं विचारत नाही म्हणे या माशाला. मी तिसऱ्यांदा घेतले तेव्हा बाईंनी वाटीच माझ्यापुढे सरकवली. सोबत भात, मिसोचं सूप, लोणच्याच्या चार फोडी. तिखट काहीही नाही. सॅकमधली लसणाची चटणी काढावीशी वाटली, पण त्यांच्या तोंडासमोर काढवेना. खोलीत जाऊन तशीच चिमूटभर खाल्ली.

शनिवार

सकाळी समोरच्या सेन्सुइजिमा बेटावर गेले. बोटीचा फेरा पाच मिनिटांचा. बेटावर वस्ती नाही, मुक्कामाची एखाद-दुसरी जागा, पुळण, जंगलातून पायवाटा आणि एका कडेला लाल, निळसर, पांढरे असे पाच रंगांचे खडक. हा सगळा भाग १९३४ साली जाहीर झालेल्या जपानच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एकात येतो. छान आहे. पण मला उगाच परत गावात जावंसं वाटत होतं. दोन तास काढले आणि परतले.

बोट जाता-येता एका इवल्याशा बेटाला वळसा घालते. खडकावर पाइनची झाडं आणि त्यात एक छोटंसं लाल देऊळ. हे बेन्तेनजिमा, देवी बेन्झाइतेन. आपली सरस्वतीच ही. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात आली आणि पाण्याची, संगीताची देवी म्हणून बसली. हातात वीणेच्या जागी बिवा आहे. ऋग्वेदात सरस्वती आधी नदी आहे हे लक्षात घेतलं तर तिला समुद्रातल्या खडकावर बसवणाऱ्या जपान्यांची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा बरी म्हणायची. आपण तिला शाळेच्या स्नेहसंमेलनातच ठेवली.

बोटीतून उतरल्यावर वर चढून गेलं की फुकुझेन-जी देवळाचं बैठकघर लागतं, ताइचोरो. सतराव्या शतकाच्या शेवटाला बांधलेलं. कोरियाच्या राजाचे दूत शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, भेटीला जाताना तोमोत थांबायचे, तेव्हा त्यांना इथे उतरवत. हे शिष्टमंडळ म्हणजे चार-पाचशे माणसांचा लवाजमा. १७११ सालच्या दूतांनी इथे बैठक मारून ठरवलं की कोरियाच्या पूर्वेला यासारखं सुंदर स्थळ दुसरं नाही, आणि त्यांच्यापैकी ई बांग-ऑनने तसं अक्षरात लिहून दिलं. ती अक्षरं कोरलेली पाटी आत आहे. खोली रिकामी आहे, नुसत्या चटया. खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत सरस्वतीचं बेट, मागे सेन्सुइजिमा, मधून बोट जाते. तिथे देखरेखीला बसलेल्या बाईंनी मला हाताला धरून मागे नेलं आणि एका ठरावीक जागी बसवलं. तिथून काठावरचा रस्ता, तारा, गाड्या सगळं खिडकीच्या कठड्याखाली जातं आणि फक्त १७११चं उरतं. दोन पावलं पुढे सरकलात की पार्किंग दिसतं.

दुपारी पाऊस लागला. दीपस्तंभाशेजारच्या जुन्या गुदामात ‘इरोहा मारू’चं प्रदर्शन आहे, तिथे शिरले. इथे मात्र मी अपेक्षेपेक्षा खूप वेळ काढला, कारण ही गोष्ट माझ्या धंद्यातली निघाली. मी विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. नुकसानभरपाईचे दावे हे माझं रोजचं खाणं.

साकामोतो र्‍योमा हा जपानी लोकांचा लाडका माणूस. तोसा प्रांतातला सामुराई. शोगुनशाही उलथवण्यासाठी दोन हाडवैरी प्रांतांची युती जमवणारा. १८६७च्या मे महिन्यात तो इरोहा मारू नावाची १६० टनांची आगबोट घेऊन नागासाकीहून ओसाकाला चालला होता. बोट त्याची नव्हे, ओझू प्रांताकडून भाड्याने घेतलेली, आणि तिची ही पहिलीच फेरी. रात्री किशू प्रांताची ८८७ टनांची मेइको मारू तिच्यावर आदळली. किशू म्हणजे शोगुनच्या घराण्याची शाखा, साधीसुधी आसामी नव्हे. मोडलेली इरोहा ओढत तोमोकडे आणताना वाटेत बुडाली. माणसं वाचली. वाटाघाटी सुरू झाल्या त्या याच गावात, इथून चालत दोन मिनिटांवर. र्‍योमाला आपल्या जिवाची खात्री नव्हती म्हणून तो एका व्यापाऱ्याच्या घरात माळ्यावरच्या चोरखोलीत झोपायचा. तीही खोली दाखवतात. मी चढून पाहिली; उभं राहायचं असेल तर मान वाकवावी लागते.

पुढे प्रकरण नागासाकीला गेलं. र्‍योमाने आंतरराष्ट्रीय कायद्याचं पुस्तक पुढे केलं, परदेशांत टक्कर झाल्यावर दोष कसा ठरवतात ते मांडलं आणि दावा लावला: बोटीत शेकडो बंदुका होत्या, सोनंनाणं होतं. बाहेर लोकमत तापवायचं कामही चोख केलं. किशूवाले शेवटी ७० हजार र्‍योंवर, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या नाण्यांवर, तयार झाले. बुडालेली बोट विसाव्या शतकात सापडली, पाणबुडे कितीदा तरी उतरले, वस्तू वर आणल्या. बंदुका मिळाल्या नाहीत.

म्हणजे दावा फुगवला होता, असं आमच्याकडचा कुठलाही सर्व्हेअर पहिल्या पानावर लिहील. प्रदर्शनात मात्र र्‍योमाच्या हुशारीचं कौतुकच आहे. मलाही आतून कौतुकच वाटलं, पण ते या पेशात उघड बोलायची सोय नाही. भरपाईचा त्याला काही उपयोगही झाला नाही; त्याच वर्षी डिसेंबरात क्योतोमध्ये मारेकऱ्यांनी त्याला गाठलं.

पाऊस थांबेना. मग गल्लीतल्या एका होमेइशूच्या दुकानात. ही तोमोची औषधी दारू, १६५९ पासूनची. चिकट तांदळाच्या गोड मद्यात दालचिनी, लवंग वगैरे सोळा वनस्पती मुरवतात. नाकामुरा घराण्याकडे फुकुयामाच्या दरबारने दिलेला मक्ता होता. शोगुनशाही संपल्यावर मेइजी काळात तो गेला, इतर लोक या धंद्यात उतरले आणि नाकामुरांचं दुकान बुडालं. त्यांचा मोठा वाडा पुढे ओता घराण्याकडे आला आणि आज त्यांच्याच नावाने पाहायला मिळतो. गोदामं, भट्टी, सगळं जागेवर. १८५४ मध्ये अमेरिकन कमोडोर पेरीच्या लोकांना मेजवानीत हीच दारू दिली असं गावात अभिमानाने सांगतात. अशक्य नाही, तेव्हाच्या शोगुनच्या मंत्रिमंडळाचा मुख्य आबे मासाहिरो हा फुकुयामाचाच दाइम्यो, म्हणजे सरंजामदार.

दुकानातल्या माणसाने चिमुकल्या पेल्यात चाखायला दिली. पहिल्या घोटाला मी थेट आजोळच्या माजघरात. द्राक्षासवच, फक्त जास्त गोड आणि शेवटी लवंग. दुसऱ्या घोटाला घसा गरम होतो. तिसरा मागायची हिंमत झाली नाही, म्हणून बाटली विकत घेतली.

चारच्या सुमारास उघडलं. बंदरावर आले तर पुन्हा भरती, पायऱ्या पुन्हा पाण्यात. पंचमी, म्हणजे पावणेचार. हिशेब जुळतोय याचा मला बावळटासारखा आनंद झाला. पायरीवर एक आजोबा जाळ्याच्या दोऱ्या सारख्या करत बसले होते. आयुष्यभर मालवाहू बोटींवर काम केलेले. मी भारतातली आणि समुद्रकाठची, एवढं कळल्यावर त्यांनी माझी परीक्षाच घेतली. या पायऱ्या कशासाठी? मी म्हटलं, पाणी कितीही वरखाली झालं तरी होडी कुठल्या ना कुठल्या पायरीला लागतेच, माल उतरवता येतो. उधाणाला इथे पाणी तीन मीटरच्या वर चढतं-उतरतं, सरळ धक्का बांधून उपयोग नाही. आजोबा खूश. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं की जुन्या बंदराला पाच गोष्टी लागतात: रात्रीचा दिवा, या पायऱ्या, लाटा अडवणारा दगडी बांध, जहाजांवर नजर ठेवायची चौकी आणि तादेबा. पाचही शाबूत असलेलं बंदर जपानात हे एकच.

चार मी पाहिल्या होत्या. तादेबा कुठाय? आजोबांनी पश्चिमेकडच्या काठाकडे हात केला. पाण्याखाली. उद्या सकाळी दहा-सव्वादहाला या. उधाण ओसरत चाललंय, फार खाली जाणार नाही, पण दगड दिसतील.

मी सकाळी साडेआठच्या बसने निघणार होते.

बंदराच्या तोंडावरच्या पुलाचा विषयही त्यांनीच काढला. १९८३ मध्ये योजना झाली: बंदराचा एक भाग भराव टाकून बुजवायचा आणि तोंडावरून पूल न्यायचा. कारण खरं होतं. गावातले रस्ते शोगुनच्या काळातले, दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं. गाव दुभंगलं. विरोधकांनी २००७ मध्ये दावा लावला आणि १ ऑक्टोबर २००९ला हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने भरावाला परवानगी द्यायला गव्हर्नरला मनाई केली. गावाचं दृश्य हाच राखण्याजोगा हक्क आहे, असं त्या निकालाने मान्य केलं. २०१२ मध्ये नव्या गव्हर्नरने पुलाऐवजी डोंगरातून बोगदा काढायचं जाहीर केलं, २०१६ मध्ये अर्जच मागे घेतला, आणि २०१७ मध्ये जुन्या वस्तीला सरकारी संरक्षण मिळालं. मधल्या काळात, २००५ साली, एक नामांकित ॲनिमेशनपट दिग्दर्शक इथे दोन महिने येऊन राहिला होता. त्याने गावाचं नाव जगभर केलं, त्याचाही विरोधकांना हातभार लागला असणार.

आता मला पाहुणी म्हणून पूल नको हे म्हणणं सोपं आहे. मी रात्रीच्या रुग्णवाहिकेची वाट बघणार नाहीये. आजोबांना विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूचे? ते म्हणाले, पुलाच्या. बायको आजारी होती तेव्हा. ती गेली, आता काही वाटत नाही. ॲपने हे अगदी कोरड्या आवाजात वाचून दाखवलं आणि मला काय बोलावं ते सुचलं नाही. आमच्या मिऱ्या बंदराच्या, जयगडच्या गोष्टी सांगाव्यात असं एकदा मनात आलं, मग गप्प बसले.

संध्याकाळी इओ-जी देवळाच्या मागून ताइशिदेनला चढले, ५८३ पायऱ्या, ओल्या. वरून बंदराचा अर्धगोल एका नजरेत येतो. डास फार.

रविवार

बाईंना म्हटलं, दुपारी निघते. का, हे त्यांनी विचारलं नाही. तादेबा म्हटल्यावर “आ, ओहोटी” एवढं म्हणून त्यांनी नाश्त्याला आणखी एक ग्रिल केलेला मासा वाढला.

दहाला पोहोचले. आजोबा नव्हते. पाणी खाली गेलेलं, काठाला शेवाळाचा वास. वास मात्र रत्नागिरीचाच. दीपस्तंभाखालच्या पायऱ्या आता खालपर्यंत मोजता येत होत्या, खालच्या हिरव्या आणि कालवांनी खरखरीत. पश्चिमेच्या काठाला पाण्यातून दगड वर यायला लागले होते. मोठमोठे सपाट दगड, समुद्राकडे उतरत गेलेली फरसबंदी. अर्धी उघडी, अर्धी वीतभर पाण्याखाली.

लाकडी गलबताच्या बुडाला शंख-शिंपले चिकटतात आणि लाकूड पोखरणारा किडा लागतो. आपल्याकडे होडी पुळणीवर ओढून खरवडतात, बुडाला तेल-डामर फासतात. इथली मोठी जहाजं ओढणार कोण? म्हणून भरतीच्या पाण्यावर जहाज या फरसबंदीवर आणून उभं करायचे. ओहोटीला पाणी निघून गेलं की जहाज कोरड्यावर. मग बुडाखाली गवत, पाला पेटवून किडा मारायचा, ओलं लाकूड सुकवायचं, फटी बुजवायच्या. पुढच्या भरतीला जहाज आपोआप तरंगतं. यंत्र नाही, गोदी नाही; चंद्रानेच उचलायचं आणि चंद्रानेच ठेवायचं. काम मात्र सहा तासांत आटपायला हवं, नाहीतर समुद्र परत येतो. पाणी उलटायची वाट बघत जहाजं अशीही इथे अडकलेलीच असायची. तोवर दुरुस्ती उरकून घ्या, हा तोमोवाल्यांचा धंदा. नांगर बनवणारे लोहार, दारू गाळणारे नाकामुरा, बूड भाजणारे कामगार, सगळे एकाच रिकाम्या वेळेवर जगत होते.

दगडांवर उतरायचा मोह झाला, पण शेवाळ पाहून बेत सोडला. साडेदहाच्या पुढे पाणी थबकलं. वरच्या रस्त्याने आजोबा सायकलवरून आले, थांबले नाहीत. दगडांकडे बोट दाखवलं, मी मान हलवली, ते गेले.

दुपारच्या बसने फुकुयामा, तिथून ओसाका. मीटिंग सोमवारी ठरल्याप्रमाणे झाली.

कुणाला जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. सुटे पैसे न्या, छोट्या दुकानांत आणि देवळांत कार्ड चालेल असं धरू नका. शाकाहारी असाल तर राहायच्या ठिकाणी आधी सांगा आणि सुपातही माशाचा अर्क असतो हे लक्षात ठेवा. मे महिन्यात तैच्या, म्हणजे सी-ब्रीम माशाच्या, जाळ्याचा खेळ बघायला पर्यटक येतात. शांतता हवी तर तो टाळा. आणि तारीख कालनिर्णय बघून ठरवा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं आणि उन्हाळ्यात त्या वेळी उजेडही असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, फारसं हलतच नाही, तादेबासाठी ते दिवस वाया. पाऊणचा हिशेब मला अर्ध्या तासाच्या आत जुळला, पण त्यावर बस सोडू नका. फुकुयामा बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक फोनवर मिळतं.